एटीव्हीसोबत अकरा महिने: अंगाने चालवायची गाडी

माझ्या एटीव्हीच्या, म्हणजे रानवाटांवर हँडलने चालवायच्या चारचाकीच्या, मीटरवर आज १४० तास झाले. या गाड्यांची सर्व्हिस किलोमीटरइतकीच तासांवर धरतात, कारण दगडाधोंड्यांतून त्या पुष्कळदा चालण्याच्या वेगानेच जातात. माझी गाडी ७०० सीसीची, फोर-व्हील ड्राइव्ह, वजन तीनशे किलोच्या वर. ताकद भरपूर आहे, पण अकरा महिन्यांत मला शिकायला लागलं ते वजन सांभाळणं.

मोटारसायकलची सवय इथे घात करते. एटीव्ही वळणावर स्वतः कलत नाही, कलायचं ते आपण, वळणाच्या आतल्या बाजूला. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावरून जाताना अंग डोंगराच्या बाजूला टाकायचं. सीट लांब असते ती यासाठी, मागे कुणाला बसवायला नव्हे. एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दुसरा माणूस बसला की तोल मागे जातो आणि आपल्याला हलायला जागाच उरत नाही. दोघांना फिरायचं असेल तर दोघांसाठीच बनवलेलं मॉडेल घ्यावं.

तिसऱ्या महिन्यात मी एका मुरमाड चढावर अडकलो. चाकं फिरायला लागली, मी थ्रॉटलवरचा अंगठा सोडला आणि गाडी मागे घसरू लागली. घाबरून पायाने मागचा ब्रेक दाबला. पुढची चाकं उचलली, मी वरच्या बाजूला उडी टाकली आणि गाडी उलटून दोन कोलांट्या घेत खाली गेली. मनगट मुरगळलं, एवढ्यावरच निभावलं. गाडी मागे घसरत असताना मागचा ब्रेक दाबायचा नसतो. अंग चढाच्या बाजूला झुकवून पुढचा ब्रेक हळूहळू लावायचा, गाडी पूर्ण थांबली की पार्किंग ब्रेक लावून चढाच्या बाजूने उतरायचं. हे मी आधी सपाटीवर शंभरदा घोटायला हवं होतं. उलटलेली गाडी माणसाला खाली दाबून धरते, मृत्यूंचं मोठं कारण तेच. ऑस्ट्रेलियात २०२१ पासून कामाच्या नव्या क्वाड बाइकवर (एटीव्हीचंच तिथलं नाव) चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची आहे, ती याच कारणाने.

टायरमधल्या हवेबद्दल फार कमी लोक बोलतात. माझ्या गाडीला ६ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास लागते. मोटारीच्या गेजवर तो आकडा नीट वाचताच येत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घेतला. एका बाजूला एक पीएसआय कमी झाला तरी हँडल ओढतं. हेच मऊ टायर डांबरी रस्त्यावर धोकादायक ठरतात, पकड इतकी घट्ट बसते की वेगात वळताना गाडी उलटू शकते.

देखभालीत दोन गोष्टी जपल्या. धुळीत फिरून आलो की एअर फिल्टरचा फोम धुऊन, वाळवून, तेल लावून बसवतो. दुसरा सीव्हीटीचा, म्हणजे आपोआप वेग जुळवणाऱ्या गिअर यंत्रणेचा, बेल्ट. ओझं ओढताना किंवा खडकांवरून हळू जाताना लो गिअर टाकला नाही तर बेल्ट तापून जळतो. एकदा पाण्यातून गेल्यावर गाडी नुसतीच गुरगुरत होती, पुढे सरकेना. बेल्टच्या कव्हरखालचा बूच काढून पाणी सोडलं, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं चालवलं, बेल्ट सुकला आणि गाडी निघाली.

हेल्मेट, गॉगल, घोट्यावरचे बूट आणि हातमोजे यांशिवाय मी चावी फिरवत नाही. भाचा १४ वर्षांचा आहे, गाडी मागतो. एवढ्या इंजिनची गाडी १६ वर्षांखालच्याला देऊ नये असं तिच्यावरच्या लेबलवर लिहिलंय आणि त्याच्या अंगात ती सावरण्याइतकं वजनही नाही. त्याचा रुसवा मला लागतो, तरी चावी माझ्याच खिशात असते.

मागचे टायर निम्मे झिजलेत. पुढच्या हंगामाआधी बदलीन, बरोबर बेल्टही.