आरसीसीबी, आठ महिन्यांनंतर: पाच तारे मागे घेतोय

आधी कबुली. तीन महिन्यांपूर्वी याच आरसीसीबीला (करंट कुठे झिरपायला लागला की घराची वीज तोडणारा खटका) मी पाचपैकी पाच तारे देऊन बसलो होतो, आणि त्याच भरात एका वायरमनचीही तारीफ केली होती. दोन्ही मागे घेतो. आरसीसीबीला त्यातले काही परत मिळतील. वायरमनला नाही.

वस्तू अशी: टू पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), ४० अँपिअरपर्यंतच्या लोडचा, ३० मिलिअँपिअर लीकेजला पडणारा. एमसीबी (एकेका सर्किटचा छोटा खटका) ओव्हरलोड आणि शॉर्ट बघतो, हा लीकेज, म्हणजे वाट चुकून अर्थिंगमध्ये झिरपणारा करंट बघतो, त्यात नव्याने सांगण्यासारखं काही नाही. याच कंपनीचं एक महाग मॉडेल आहे, त्यात ट्रिप झाल्यावर छोट्या खिडकीत रंगीत पट्टी दिसते. एका पट्टीसाठी जादा पैसे कोण मोजतो, म्हणून मी साधा घेतला. या पट्टीवर मी पुढे गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे, ते चालवून घ्या.

पहिले तीन महिने काहीच घडलं नाही. महिन्यातून एकदा टी लिहिलेलं बटण दाबायचं, खट् आवाज, घर बंद, खटका वर, घर चालू. चौथ्या महिन्यात बटण न दाबताच खट् व्हायला लागलं. इस्त्री लावली की ट्रिप. दुसऱ्या दिवशी तीच इस्त्री तासभर चालली. मग गिझरवर ट्रिप, मग वॉशिंग मशिनवर, आणि एकदा पहाटे, सगळे झोपलेले असताना.

मी माझ्या परीने शोध घेतला. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. जो वर केल्यावर आरसीसीबी पडेल तो दोषी. सगळे वर झाले, आरसीसीबी ढिम्म. इस्त्री लावली, खट्. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या एमसीबीवर लावली, तरी खट्. म्हणजे इस्त्रीच. ती शेजारच्या काकांकडे नेऊन लावली तर मुकाट चालली. काकांकडे आरसीसीबी नाहीच, हे महिनाभराने कळलं.

मग वही केली: तारीख, वेळ, काय चालू होतं. इथे ती पट्टी नडली. आमच्या वडिलांना सवय आहे, घराबाहेर पडताना मेन खाली ओढायचा. आता डीबीत (हे सगळे खटके असतात ती पेटी) सगळ्यांत मोठा खटका आरसीसीबीचा, त्यामुळे तेच 'मेन'. साध्या मॉडेलमध्ये ट्रिप झालेला खटका आणि हाताने ओढलेला खटका हुबेहूब सारखे दिसतात. मी घरी येऊन अंधार बघायचो आणि वहीत ट्रिप लिहायचो. वहीतल्या निम्म्या ट्रिप वडिलांच्या निघाल्या. 'दुपारी ट्रिप होतो, म्हणजे उन्हाने वायर तापत असेल' असा एक सिद्धांतही मी मांडून झालो होतो. दुपारी वडील वाचनालयात जातात, एवढाच त्याचा अर्थ होता.

पहिला वायरमन आला तो टेस्टर घेऊन. फक्त टेस्टर. प्रत्येक सॉकेटमध्ये खुपसून पाहिला आणि निदान केलं, "गिझर लीक आहे." संशय अगदीच चुकीचा नव्हता. गिझरच्या कॉइलच्या नळीत भरलेली भुकटी ओल धरते आणि करंट बॉडीत झिरपतो, असं होतं. पण टेस्टरचा दिवा फेज आहे एवढंच सांगतो, लीकेज किती हे त्याला कळत नाही. उलट न्यूट्रल तुटला असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटून तो चांगल्या चांगल्यांना चकवतो. कॉइल बदलली. दोन दिवसांनी गिझर बंद असताना घर बंद पडलं.

दुसरा वायरमन म्हणजे ज्याची मी तारीफ केली तो. डीबी उघडली, दहा मिनिटांत म्हणाला, "पीसच खराब आलाय तुमचा." स्वतःकडचा नवा बसवला, जुना 'कंपनीला दाखवतो' म्हणून घेऊन गेला. त्यानंतर इस्त्री, गिझर, मशिन एकदम लावलं तरी शांतता. तीन आठवडे मी भेटेल त्याला त्याचा नंबर देत होतो. पाच तारे याच काळातले.

मग महिन्याचं टी दाबायला गेलो तेव्हा टॉर्च हातात होता म्हणून दिसलं. राखाडी प्लास्टिकवर राखाडी अक्षरांत, मुंगीएवढ्या आकारात, जिथे ०.०३ असायला हवं तिथे ०.१ लिहिलं होतं. म्हणजे १०० मिलिअँपिअर. वायरमनने दुखणं तसंच ठेवून फक्त थर्मामीटर बदलला होता. ३० चा आरसीसीबी माणसाला झटका बसला तर वाचवण्यासाठी असतो. १०० आणि ३०० चे प्रामुख्याने लीकेजमधून लागणाऱ्या आगीसाठी. शरीरातून ८० मिलिअँपिअर वाहत असताना तो १०० वाला स्वस्थ बसू शकला असता. बारकाईने बघितलं तर जाता जाता त्याने सॉकेटच्या २.५ स्क्वेअर एमएम वायरीवरचा एमसीबीही ३२ अँपिअरचा करून ठेवला होता, म्हणजे आता आधी वायर तापणार, मग एमसीबीला जाग येणार. पडणारी वस्तू दिसली की मोठा आकडा टाकायचा, एवढीच त्याची विद्या. फोन केला तर म्हणाला, "आता ट्रिप होतंय का? नाही ना?" यावर उत्तर सुचलं नाही, याचा अजून राग आहे.

तिसरा शोधताना मी फोनवर एकच प्रश्न विचारायचा ठरवला: मेगर आहे का? (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र.) एकाने विचारलं, "कसला मीटर?" एक म्हणाला ते कारखान्यात लागतं. एकाने ऐकून घेऊन फोनच ठेवला. पाचव्या फोनला उत्तर आलं, "आहे. पण आधी सांगा, मधल्या काळात घरात काही नवीन बसवलंत? भिंतीत भोक, पंखा, दिवा?" मी नाही म्हणालो. हे 'नाही' लक्षात ठेवा.

हा माणूस आल्यावर पंधरा मिनिटं त्याने स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. वही वाचली (वडिलांच्या ट्रिपसकट). मग मेन बंद केला, सगळी उपकरणं प्लगमधून काढायला लावली, न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक काळी वायर सोडवली आणि ५०० व्होल्टवर मेगर लावून प्रत्येकीचा अर्थशी, म्हणजे अर्थिंगच्या वायरशी, संबंध तपासला. दोघींमध्ये किमान एक मेगओहम रेझिस्टन्स तरी यायला हवा. बाकी सगळ्या शंभराच्या वर. हॉल आणि बाल्कनीच्या दिव्यांची वायर मात्र जवळजवळ शून्य.

"दादा, एमसीबी फक्त फेज तोडतो," तो म्हणाला. "तुम्ही सगळे एमसीबी पाडलेत तरी न्यूट्रल पट्टीवर जोडलेलाच होता." माझी शोधाची पद्धत इथे गार झाली. न्यूट्रल कुठेतरी अर्थला भिडलेला असेल तर लोड कुठल्या का सर्किटवर असेना, परतीच्या करंटमधला थोडा वाटा अर्थमधून पळतो. आरसीसीबी गेलेला आणि आलेला करंट ताडून बघतो, हिशेब जुळला नाही की पडतो. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते, त्यातला शंभरावा हिस्सासुद्धा वाट चुकला तरी ३० मिलिअँपिअर ओलांडले जातात. शिवाय ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कुठेही पडू शकतो. म्हणून जड उपकरण लावलं की ट्रिप, आणि ते उपकरण दुसऱ्या खोलीत नेलं तरी ट्रिप. बिचारी इस्त्री. बिचारी कॉइल.

बाल्कनीतला दिवा उतरवला. धातूच्या पट्टीखाली काळी वायर दबलेली, स्क्रूने तिची साल सोलून निघालेली, आणि तांबं पट्टीला घासत होतं. पट्टी अर्थला जोडलेली. हवा दमट असली की भिडायचं, कोरडी असली की सुटायचं, त्यामुळेच हा लपंडाव.

दिवा तिसऱ्या महिन्यात मी बसवला होता. मजुरी वाचवायला.

तो काही बोलला नाही. वायरचा तेवढा तुकडा कापून टाकला, स्लीव्ह घातली, दिवा पुन्हा लावला, मी स्टूल धरून उभा राहिलो. सॉकेटचा एमसीबी पुन्हा १६ चा केला. नंतर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या जबड्यात धरून दाखवलं: सगळं घर चालू असताना दोन्हींतला फरक ६ मिलिअँपिअर. तेवढं कॉम्प्युटर, टीव्ही वगैरेंच्या फिल्टरमधून झिरपणारच. मजुरी सांगितली ती आधीच्या दोघांपेक्षा जास्त होती आणि मी, मीच, घासाघीस केली नाही. घरचे अजून याचा उल्लेख करतात.

आता वस्तूबद्दल. पहिला आरसीसीबी निर्दोष होता. चौथ्या महिन्यापासून तो जे ओरडून सांगत होता ते शब्दशः खरं होतं. पण तो 'खराब पीस' म्हणून दुसऱ्या वायरमनबरोबर गेला तो गेलाच, आणि आज बहुधा दुसऱ्या कुणाच्या डीबीत नवा म्हणून बसलेला असेल. १०० वाला काढून खणात टाकला. म्हणजे मला ३० चा परत विकत घ्यावा लागला, त्याच कंपनीचा. चार तारे देतो. एक तारा राखाडीवर राखाडी छापणाऱ्यासाठी कापला. ज्या आकड्यावर जीव अवलंबून, तो टॉर्चशिवाय वाचता येऊ नये?

या वेळी पट्टीवालाच घेतला. दोन महिने झाले. एकदाही ट्रिप नाही, त्यामुळे जादा पैसे मोजलेली ती पट्टी आत्तापर्यंत दोनदाच दिसली आहे, दोन्ही वेळा टी दाबून. दुपारी घर अंधारात असतं तेव्हा खिडकी कोरी असते. वडील वाचनालयात गेलेले असतात.