न बदललेल्या पिस्टनचं बिल: जुनी गाडी गॅरेजला टाकण्याआधी हे वाचा

सांगली मिरजेकडच्या लोकांनी तर वाचाच पण बाकीच्यांनीपण वाचा, कारण हे कुठल्याही गावात होऊ शकतं. ज्यांचे आईवडील गावी एकटे राहतात आणि जिन्याखाली एक जुनी गाडी कव्हर घालून उभी आहे त्यांच्यासाठी खास.

गाडी आमची स्प्लेंडर प्लस, २०१० ची, हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची, किकवाली. २०२३ ला मला चाकणला नोकरी लागली तेव्हापासून ती सांगलीच्या घरी उभीच. पप्पांचे गुडघे गेलेत त्यामुळे ते चालवत नाहीत. आता पंधरा वर्षं भरत आली म्हणून आरटीओत नेऊन रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करायचं होतं आणि त्यासाठी गाडी चालू तर पाहिजे. शेजारच्या पोराने किका मारून मारून घाम गाळला, मग दुसऱ्या गिअरला टाकून धक्का मारला, इंजिन फिरायचं पण पेटायचं नाही. शेवटी त्यानेच ढकलत जवळच्या एका गॅरेजला नेली. गॅरेजचं नाव इथे टाकत नाही, विचारू पण नका.

तिथल्या मिस्त्रीने गाडीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, "काका, पुरात बुडालेली दिसतीय." पप्पा म्हणाले अहो आमच्या घरात पाणी आलंच नव्हतं. "तुम्हाला कळत नसतं ओ ते, आत पाणी गेलंय, पिस्टन जाम झालाय." आता बघा, पूर आला २०२१ च्या जुलैमध्ये आणि त्यानंतर दोन वर्षं मी याच गाडीवर रोज कुपवाड एमआयडीसीत कामाला जात होतो. म्हणजे पाण्याने दोन वर्षं कळ काढली आणि मग पिस्टन धरला! पण सांगलीत पुराचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात, २०१९ ला काय काय बघितलंय लोकांनी, आणि हे त्या माणसाला बरोबर माहिती.

पहिली ऑफर काय तर "आहे तशी आठ हजाराला मी घेतो". पप्पा नाही म्हणाले. मग इंजिनचं काम निघालं. बोर पिस्टन किट (पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ती नळी, म्हणजे बोर), हेडचं म्हणजे त्या नळीवरच्या झाकणाचं काम, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो पार्ट) सर्व्हिस, बॅटरी, लेबर, सगळं मिळून ९,६०० रुपये, बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, ना शिक्का ना सही. पप्पांनी जुना पिस्टन मागितला तर "भंगारात गेला काका, काय करणार त्याचं".

मी गणपतीत घरी आलो तोपर्यंत गाडीचं पिकअप गेलेलं, सिग्नलला थांबलं की बंद. बिलावर बोर पिस्टन वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण पिस्टन जाम असता तर शेजारचं पोरगं किक मारूच शकलं नसतं. जाम इंजिनची किक पायाखाली दगडासारखी उभी राहते, खाली जातच नाही. धक्का मारतानासुद्धा क्लच सोडला की मागचं चाक घासत गेलं असतं. किक खाली जाते, मधे अडल्यासारखी लागते आणि मग सुटते, म्हणजे इंजिन फिरतंय आणि कॉम्प्रेशन पण आहे, आत हवा नीट दाबली जातेय. एवढं तुम्ही घरी अर्ध्या मिनिटात बघू शकता, गॅरेजला न्यायच्या आधी.

गाडी मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन खोललंच नाही. हेडच्या नटांवर टॉर्च मारला आणि मला बघायला लावलं, नटांवर गंज आणि त्याच्या भोवती ऑइल धुळीचा जुना थर जसाच्या तसा, पाना लागल्याची एक चकाकी नाही. सायलेन्सरचे नट तर गंजून एकजीव झालेले, आणि सायलेन्सर सोडवल्याशिवाय हेड निघतच नाही. हेड निघालं नाही तर पिस्टन कुठून बदलला, सायलेन्सरच्या नळीतून?

पण खरा दणका पुढे होता. कार्बोरेटर आमचा नव्हताच. आमच्यावर केहिन कंपनीचं नाव बॉडीतच ओतलेलं होतं, माझ्याकडे जुन्या सर्व्हिसिंगचा फोटो आहे. आता लागलेला होता तो बिननावाचा लोकल माल, त्यामुळेच आयडलिंग धरत नव्हती, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहत नव्हतं. म्हणजे काम न केल्याचे पैसे घेतलेच, वर चांगला पार्ट काढून ठेवला. बॅटरीला वॉरंटी कार्ड नाही. आणि गंमत म्हणजे या जुन्या मॉडेलला स्पार्क मॅग्नेटोवरूनच (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा पार्ट) मिळतो, बॅटरी मेलेली असली तरी किकने गाडी पेटते, हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे गप्प राहतात.

मग मुळात झालं काय होतं? या मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे नव्वद टक्के उभ्या गाड्यांचं जे होतं तेच. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते, ती पायलट जेटच्या (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) सुईएवढ्या भोकात बसली की संपलं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं, आपल्याकडे दोन पावसाळे उभ्या गाडीच्या टाकीत काय होत असेल विचार करा. यावर इलाज म्हणजे टाकीतलं जुनं पेट्रोल काढायचं, वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडायचा, जेट क्लीनर मारून साफ करायचे, नवीन प्लग टाकायचा, ऑइल बदलायचं. पाच सातशे रुपयात विषय संपतो. प्लग काढलाच आहे तर त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून स्विच बंद ठेवून हळूहळू चार किका मारा, कोरडी पडलेली बोर ओली होते.

आणि प्लग काढल्यावर तो हातात घेऊन बघा की. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, म्हणजे नळ, पाइप, कार्बोरेटर. भिजलेला असेल तर स्पार्ककडे बघायचं, प्लग कॅपला लावून हेडला टेकवा आणि किक मारा, निळी ठिणगी दिसली पाहिजे (हे करताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, आणि वाटी रिकामी करताना तर अजिबात करू नका). हे बघून गेलात की समोरचा "इंजिन गेलं" म्हणायला दहादा विचार करतो. गाडी सोडताना कार्बोरेटर, बॅटरी, चेसिस नंबर यांचे फोटो त्याच्या समोर काढा, तोंडावर. जुने पार्ट परत पाहिजेत हे आधीच सांगा, नंतर सगळं भंगारात जातं.

मी फोटो घेऊन त्या गॅरेजला गेलो. आधी म्हणाला "नट आम्ही जुनेच वापरतो". मग जुना चिखल पण परत लावता का विचारल्यावर आवाज खाली आला. पिस्टन किटचं दुकानाचं बिल दाखव म्हटलं, ते नव्हतंच. ५,००० रुपये तिथल्या तिथे जीपेवर परत केले, कार्बोरेटर मात्र "सापडत नाही". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वहीचं पान असलं तरी जपून ठेवा, पप्पांनी पैसे जीपेने दिले होते म्हणून माझ्याकडे निदान तो पुरावा तरी आहे. तुमच्यापैकी कोणाची अशी तक्रार आयोगात निकालापर्यंत गेली असेल तर किती वेळ लागला आणि मिस्त्रीचं लेखी मत घ्यावं लागलं का, तेवढं सांगा.