लॉ इंटर्नशिपच्या नावाखाली वसुलीचे फोन

लॉ फर्म इंटर्नशिपसाठी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा, एवढं सांगून थांबता आलं असतं. पण माझे साडेसात हजार रुपये गेले हा या प्रकरणातला किरकोळ भाग आहे. पैशांपेक्षा वाईट म्हणजे माझा मोबाईल नंबर वापरला गेला. त्यावरून ज्यांना धमक्या गेल्या त्यांच्या नावांची यादी आज माझ्याकडे नाही, फर्मकडे आहे.

मी सोलापूरची, तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे आमच्या कोर्सला किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप लागते, पाच वर्षांवाल्यांना वीस आठवड्यांची. वर सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे दरवर्षी एखादा महिना कुठेतरी जागा शोधणं आलंच. ज्यांच्या घरात वकील आहे ते काका-मामांच्या ऑफिसात जाऊन बसतात. आमच्या घरात कोर्टाची पायरी चढलेले एकटे आजोबा, तेही जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून. मोठ्या फर्मना मेल पाठवावेत तर पोचसुद्धा येत नाही. ही जाहिरात नेमकी अशा मुलांसाठीच केलेली असते.

ती कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आली. ठाण्यातली फर्म, मे महिन्याची बॅच, ड्राफ्टिंग, क्लायंट मीटिंग, हायकोर्ट व्हिजिट, शेवटी सर्टिफिकेट आणि ‘कामगिरीनुसार’ स्टायपेंड. मुलाखत फोनवर झाली, त्यात कायद्याचा एकही प्रश्न नव्हता. हिंदी येतं का आणि दिवसभर बोलायची तयारी आहे का, एवढंच विचारलं. मग अडीच हजार रजिस्ट्रेशन आणि पाच हजार परत मिळणारं डिपॉझिट. पैसे यूपीआयने एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. असं का, म्हटलं तर ‘अकाउंट्सच्या मॅडम आहेत’. पावती नाही, फक्त ‘सीट कन्फर्म’ असा मेल. कळव्याला मावशीकडे राहायची सोय होती, तेव्हा बाबांनी पैसे पाठवले.

ऑफिस म्हणजे एका व्यापारी संकुलात भाड्याने घेतलेला हॉल. कायद्याची पुस्तकं नाहीत, पक्षकारांच्या फायली नाहीत, कोर्टात ये-जा करणारा कारकूनही नाही. टेबलांवर चार्जर मात्र भरपूर. कोर्टात कधी जायचं, असं विचारलं की ‘मे महिन्याची सुट्टी आहे ना’ हे उत्तर तयार. सुट्टी खरीच असते, म्हणून कुणी पुढे बोलत नाही. पण सुट्टीतही तातडीच्या प्रकरणांसाठी कोर्ट बसतं आणि त्याचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागतो. त्या बोर्डावर या फर्मचं नाव कधी दिसलं नाही.

आम्हाला ‘प्री-लिटिगेशन विभाग’ दिला, म्हणजे केस दाखल होण्याआधीचं काम. प्रत्यक्षात एक एक्सेल शीट. त्यात ॲपवरून कर्ज घेतलेल्या लोकांची नावं, नंबर, थकलेली रक्कम, आणि शेजारच्या रकान्यात त्यांच्या नातेवाइकांचे नंबर. सोबत छापील स्क्रिप्ट: ‘मी ॲडव्होकेट नेहा बोलतेय, लीगल डिपार्टमेंटमधून. तुमच्यावर १३८ ची केस दाखल झाली आहे. पाचच्या आत पैसे भरले नाहीत तर वॉरंट निघेल.’ माझं नाव नेहा नाही आणि ॲडव्होकेट व्हायला अजून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळायची आहे. फोन मात्र स्वतःच्याच मोबाईलवरून, स्वतःच्याच सिमवरून करायचे. ‘ऑफिसच्या नंबरवरून लोक उचलत नाहीत,’ टीम लीडर म्हणाला. रात्री आठनंतरही फोन करायला लावायचे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही.

व्हॉट्सॲपवर जी नोटीस पाठवायची ती मी जपून ठेवली आहे. वर तराजूचं चित्र, खाली ‘अंतिम कायदेशीर नोटीस’, लाल अक्षरात ‘अजामीनपात्र वॉरंट प्रक्रियेत’. जावक क्रमांक सगळ्यांना एकच. चेक क्रमांकाच्या जागी नुसत्या टिंबटिंब रेघा. कलम १३८ कशाचं आहे हे लॉच्या मुलांना सांगायला नको: चेक न वटता परत आल्यावर तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवसांची मुदत, आणि तरीही पैसे आले नाहीत तर कोर्टात फिर्याद. गुन्हा जामीनपात्र आहे. चेकच नाही तिथे १३८ कुठून आलं? खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता चुकला तर त्याचं कलम वेगळं, २००७ च्या पेमेंट ॲण्ड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्यातलं कलम २५. तिथेही फिर्यादीआधी वॉरंट नसतंच.

हे सगळं माझ्याआधी एका थकबाकीदारानेच बोलून दाखवलं. मी स्क्रिप्ट वाचली. ते शांतपणे म्हणाले, “चेक नंबर सांगा. कोर्ट कुठलं, केस नंबर काय? मी दिवाणी कोर्टातून नाझर म्हणून रिटायर झालोय, समन्स-वॉरंट बजावणीचंच काम बघायचो. आणि ताई, तुमचा सनद नंबर द्या, लिहून घेतो.” मी टीम लीडरकडे बघितलं. तो म्हणाला, “कट कर, पुढचा लाव.” संध्याकाळी त्याच गृहस्थांचा मेसेज आला: ‘नंबर स्वतःचा असेल तर हे काम लगेच थांबव. तक्रार नंबरवर होते, कंपनीवर नाही.’

ते बरोबर होतं. सिम माझ्या आधारवर. गुन्हा दाखल झाला तर पोलीस आधी माझ्या दारात येणार. सनदेच्या अर्जात तुमच्यावर फौजदारी प्रकरण आहे का हे लिहून द्यावं लागतं, आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम २४-अ आडवं येतं. फुकटात राबणारी माणसं आणि अडचणीत आलाच तर टाकून देता येईल असा नंबर, दोन्ही मिळवून वर आमच्याकडूनच साडेसात हजार.

दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. डिपॉझिट मागितलं तर ‘टार्गेट पूर्ण नाही’, आणि उलट मधेच सोडल्याबद्दल बॉण्डप्रमाणे पंचवीस हजार भरा असा मेल. करार मोडला म्हणून कागदावर लिहिलेला दंड आपोआप वसूल होत नाही, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, हे करार कायद्याचं कलम ७४ आम्ही पहिल्याच वर्षी घोकलेलं असतं. ते उत्तरात लिहून पाठवलं, पुन्हा मेल आला नाही. बॅचमधल्या एकाने नेटाने टार्गेट पूर्ण करून सर्टिफिकेट मिळवलं. त्याच्या कॉलेजने ते परत केलं, कारण त्यावर सनद क्रमांकच नव्हता.

लेटरहेडवरच्या वकिलाचं नाव मी कोर्टांच्या सरकारी ई-कोर्ट्स ॲपवर टाकलं. वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधायची सोय त्यात आहे आणि ती फुकट आहे. त्या नावाचे वकील विदर्भातल्या एका तालुक्याच्या कोर्टात निघाले. तिथल्या बार असोसिएशनकडून निरोप पोचवला. त्यांनी नोटिशीचा फोटो बघितला आणि म्हणाले, “नाव माझं आहे, सही नाही. मी आयुष्यभर मराठीत सही करत आलोय.” नोटिशीवर इंग्रजीत वळसेदार सही होती. त्यांनी त्यांच्या पोलीस स्टेशनला वेगळा अर्ज दिला आहे.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सोलापुरात लेखी अर्ज दिला. त्यात भारतीय न्याय संहितेची ३१८ (फसवणूक) आणि ३१९ (तोतयेगिरी) ही कलमं घातली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, स्क्रिप्टचा फोटो आणि नोटीस जोडली, आणि माझ्या नंबरवरून कोणत्या तारखांना कुणाच्या सांगण्यावरून फोन गेले हेही लिहिलं. हा शेवटचा परिच्छेद घरच्यांना नको होता. ‘स्वतःच्या हाताने कशाला लिहून देतेस,’ असं मावशी म्हणाली. पण समोरच्याची तक्रार आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, असं मला आमच्या कॉलेजच्या सरांनीही सांगितलं. पैसे अजून परत आलेले नाहीत. अर्जाची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे.

उरलेले आठवडे मी गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करणार आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, प्राचार्यांचं पत्र घेऊन सचिवांना भेटायचं, पैसे लागत नाहीत. जागा मोजक्या असतात, म्हणून सुट्टी लागायच्या बरंच आधी जा. आणि ठाण्याच्या त्या बॅचमध्ये जे होते त्यांनी कॉल हिस्टरी पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, टीम लीडरचे मेसेज ठेवा आणि आपापल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या.