रेताड जमिनीत सावकाश सुटणारं नत्र: हंगामभराच्या वापरानंतर

रेताड जमिनीत भाजी घेणाऱ्याला नत्राचं दुखणं वेगळं सांगायला नको. युरिया टाकला की आठवडाभरात पानं गर्द हिरवी होतात, आणि एक दणदणीत पाऊस झाला की खालची पानं पुन्हा पिवळी. युरियाचं आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट. नायट्रेटचा भार ऋण, म्हणून मातीचे कण त्याला धरत नाहीत आणि ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. रेतीत चिकणमाती कमी, त्यामुळे अमोनियमही जेमतेमच टिकतं.

म्हणून टोमॅटो, वांगी आणि मिरचीला लागवडीच्या वेळी पॉलिमरचं (प्लास्टिकसारखं) आवरण असलेला, सावकाश सुटणारा युरिया दिला. रोपाच्या बाजूला, चार बोटं खोल. फरक खरोखर पडला. वाढ एकसारखी राहिली, पाऊस झाल्यावर वरखताची धावपळ उरली नाही. मिरचीचा बहर तर लांबपर्यंत टिकला, याचं मला फार समाधान आहे.

मधूनमधून माती उकरून दाणे नखाने दाबून बघत होतो. सुरुवातीला आत कडक पांढरा युरिया लागायचा. पुढे तोच दाणा मऊ पडला, दाबला की नुसतं पाणी यायचं. खत किती उरलंय ते पानांआधी या दाण्यांवरून कळतं.

आता उणी बाजू. खत किती दिवस पुरेल याची पिशवीवरची मुदत २१ किंवा २५ अंश सेल्सिअस तापमान धरून छापलेली असते आणि रेती उन्हात त्याहून कितीतरी जास्त तापते. त्यामुळे खत मुदतीआधीच संपतं. पालापाचोळ्याचं आच्छादन केलेल्या वाफ्यांत ते जास्त टिकलं. पालक, मुळा यांना मात्र हे खत देऊ नका. दाणे नीट सुटू लागेपर्यंत पीक काढायला येतं. तिथे साधा युरियाच थोडा थोडा, विभागून द्यावा. गंधकाच्या आवरणाचा युरिया स्वस्त पडतो, पण आवरणाला तडे असले तर बरंचसं नत्र पहिल्याच पाण्यात सुटतं.

आणखी दोन गोष्टी. हे फक्त नत्र आहे. रेतीतून पालाशही (पोटॅश) वाहून जातं, ते वेगळं द्यावंच लागतं. आणि पॉलिमरची रिकामी टरफलं वर्षानुवर्षं मातीत राहतात, ती मला खटकतात. पुढच्या हंगामात हे खत फक्त लांब मुदतीच्या पिकांनाच देणार आहे, तेही कंपोस्ट वाढवून आणि मात्रा कमी करून.