समुद्री प्राण्यांचा कार्ड सेट: चित्रं एक नंबर, मागचा मजकूर बदला प्लीज

भाचीसाठी दुर्मिळ आणि संकटातल्या समुद्री प्राण्यांचा हा कार्ड सेट मागवला, ती नऊ वर्षांची आहे, डायनासोर सगळे पाठ झाले आणि आता समुद्राचं वेड लागलंय. महिनाभर जवळजवळ रोज खेळतोय आम्ही, म्हणून आता लिहितेय.

कार्डं जाड आहेत, कोपरे अजून नीट आहेत, बॉक्स मात्र आठवड्यात फाटला. चित्रांबद्दल बोलायलाच नको, इतकी सुंदर. व्हाकिटा या छोट्या, डॉल्फिनसारख्या प्राण्याच्या डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं, सॉफिश माशाचं करवतीसारखं तोंड, ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय तिचं ते बाळ शेजारी, भाची एकेक कार्ड हातात घेऊन बघतच बसते. आणि व्हाकिटा सेटमध्ये घेतली याबद्दल खरंच कौतुक, कारण देवमासा आणि कासव सगळेच छापतात.

आता तक्रार. कार्डाच्या मागे "धोका" असा रकाना आहे आणि निम्म्याहून जास्त कार्डांवर तिथे एकच लिहिलंय, प्लास्टिक प्रदूषण. लेदरबॅक कासवाला ते बरोबर आहे, ते जेलीफिश खातं आणि तरंगणारी पिशवी त्याला तशीच दिसते. पण व्हाकिटाला? ही जेमतेम दीड मीटरची, डॉल्फिनच्या नात्यातली, फक्त मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखाताच्या उत्तर टोकाला सापडते, शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं १९५८ मध्ये आणि आता उरल्यात साधारण दहाच्या आसपास. तिला मुद्दाम कोणी मारत नाही. तिथे टोटोआबा नावाचा मासा आहे, त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्याला चीनमध्ये प्रचंड भाव मिळतो, म्हणून बंदी असूनही चोरून गिलनेट लावतात, पाण्यात भिंतीसारखं उभं सोडलेलं जाळं, त्यात व्हाकिटा अडकते आणि श्वास घ्यायला वर येता येत नाही म्हणून बुडून मरते. भाचीने कार्ड वाचून विचारलं, मग आपण पिशव्या बंद केल्या तर ती वाचेल ना? मला हो म्हणता आलं नाही.

उत्तर अटलांटिक राइट व्हेल या देवमाशाच्या कार्डामागेही तेच वाक्य. चारशेसुद्धा उरले नाहीयेत ते, आणि मरतात जहाजांच्या धडकेने आणि खेकडे-लॉबस्टरच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत गुंतून. जहाजांचा वेग कमी करायचा, दोऱ्या कमी करायच्या, असा त्यावर उपाय आहे, तो कार्डावर दोन ओळीत मावला असता की. चुकीचं कारण सांगितलं तर पोरं चुकीच्याच गोष्टीसाठी झटणार.

हिरव्या कासवाचं कार्ड "संकटग्रस्त" म्हणतं, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत एकदम "कमी चिंताजनक" गटात आलं, हे कार्ड आधी छापलेलं असणार म्हणून त्याला दोष देत नाही. अजून काही ठिकाणी त्यांची अवस्था वाईटच आहे, पण एकूण सुधारणा कशाने झाली तर कित्येक वर्षं लोकांनी किनाऱ्यांवर अंडी राखली, शिकार आणि अंड्यांचा धंदा आटोक्यात आणला, कोळंबीसाठी बोटीमागे ओढतात त्या ट्रॉल जाळ्यांना कासवाला बाहेर पडायची वाट ठेवली. म्हणजे नेमकं कारण धरलं तर जमतं हो!

एक कार्ड काळ्या चौकटीचं आहे, स्टेलरची समुद्रगाय. १७४१ मध्ये स्टेलर नावाच्या शास्त्रज्ञाच्या नजरेस पडली आणि १७६८ पर्यंत संपली, मांसासाठी मारून मारून. भाचीने बोटांवर हिशोब केला, सत्तावीस वर्षं, आणि म्हणाली आईच्या वयापेक्षा कमी. ते कार्ड ठेवल्याबद्दल कंपनीला पूर्ण मार्क.

खेळाचा नियम असा की ज्याची लांबी जास्त तो जिंकतो, त्यामुळे निळा देवमासा प्रत्येक वेळी जिंकतो आणि व्हाकिटा हरत राहते. आम्ही उलटं केलंय, ज्याचे कमी उरलेत ते कार्ड जिंकतं. आता व्हाकिटा हातात आली की भाची कोणाला दाखवत नाही.

चार स्टार. घ्या नक्की, पण मागचा रकाना मोठ्यांनी आधी वाचा. आमच्या सेटवर सात कार्डांना भाचीने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्यात, त्यांचे फोटो कंपनीला मेल केलेत, उत्तर आलं की अपडेट करते.