ओप्पो बीडीपी-१०३ : रिसीव्हरला जोडताना

सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या उच्च दर्जाच्या ध्वनीच्या दोन्ही प्रकारच्या तबकड्या वाजवणारे प्लेअर मोजकेच असल्यामुळे, ओप्पोने २०१८ मध्ये या व्यवसायातून माघार घेतल्यावरही बीडीपी-१०३ हा ब्ल्यू-रे प्लेअर विचारात घेण्याजोगा आहे. त्याची खरी परीक्षा होते ती होम थिएटर रिसीव्हरशी, म्हणजे ध्वनी वाढवून स्पीकरांना पुरवणाऱ्या यंत्राशी, जोडताना. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल केबलमधून सुपर ऑडिओ सीडीचा २.८२२४ मेगाहर्ट्‌झचा डीएसडी संकेत (या तबकडीवर ध्वनी साठवण्याची खास डिजिटल पद्धत) बाहेर पडत नाही. त्यामुळे हा सोपा वाटणारा मार्ग इथे निरुपयोगी ठरतो. एचडीएमआयची जोडणी सर्वांत सुटसुटीत असून, रिसीव्हर डीएसडी स्वीकारत असेल तर तो मूळ रूपात पाठवावा आणि स्वीकारत नसेल तर मेनूत पीसीएम (साध्या सीडीवर वापरली जाणारी डिजिटल ध्वनिपद्धत) निवडावे, इतकेच काम उरते.

रिसीव्हर जुना, एचडीएमआय नसलेला असल्यास बहुवाहिनी अ‍ॅनालॉग आउटपुट कामी येतात. ५.१ साठी (पाच स्पीकर आणि खर्जासाठीचा एक सबवूफर) सहा केबल ओढाव्या लागतात, आणि मागच्या बाजूचा तो गुंता कोणालाच आवडत नाही. शिवाय बहुतेक रिसीव्हर या अ‍ॅनालॉग इनपुटवर स्वतःचे बेस व्यवस्थापन, म्हणजे लहान स्पीकरांचा खर्ज सबवूफरकडे वळवणे, लागू करत नाहीत. म्हणून स्पीकरचा आकार, अंतर आणि पातळी प्लेअरच्याच मेनूत ठरवणे आवश्यक असते. हे न केल्यास लहान स्पीकरांवर खर्जाचा भार पडतो. माझ्या मते चांगला एचडीएमआय रिसीव्हर हाताशी असताना अ‍ॅनालॉगचा खटाटोप करण्याचे कारण नाही.