मिरजेत एक्स-रेचं शिक्षण: नऊ महिन्यांनंतर

मेडिकल इमेजिंगच्या बीएस्सीला प्रवेश घेतला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आता सोनोग्राफी करणार होय?" नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करतात. आमच्याकडे एक्स-रे, सीटी, एमआरआय. हे तासगावात अजून समजावतेच आहे.

वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून फी भरली, त्यामुळे "पैसे वसूल होतायत का?" हे घरी सारखं निघतं. माझं उत्तर सध्या "बहुतेक" एवढंच.

वर्गातलं शिकवणं चांगलं आहे. केव्हीपी म्हणजे किरणांचा जोर, एमएएस म्हणजे किरणांचं प्रमाण, हे सरांनी घोटून घेतलं. पण खरी अक्कल पोस्टिंगला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला, आली. छातीचा पीए (पाठीकडून किरण सोडून काढलेला एक्स-रे) काढताना ट्यूब १८० सेंटिमीटरवर ठेवायची, हे पाठ होतं. खांदे पुढे ढकलायला सांगायचं, ते विसरले. एका आजोबांच्या फिल्मवर दोन्ही खवाटे फुप्फुसांवर आले. सीनियर मॅडम ओरडल्या नाहीत. "रिपीट काढ. आणि हा दुसरा डोस तुझ्यामुळे, एवढं लक्षात ठेव," इतकंच म्हणाल्या. त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

दुसरी अडचण मंगळसूत्राची. छातीच्या फिल्मवर वाटी आणि मणी पांढरे उमटतात, म्हणून काढावंच लागतं. एक आजी काही केल्या ऐकेनात. शेवटी मॅडमनी ते सुनेच्या हातात दिलं आणि तिला दाराच्या फटीतून आजींना दिसेल असं उभं केलं. एक्स्पोजरपुरतं दार लावलं. पुस्तकात हे नाही.

आता तक्रार. प्रवेशाच्या वेळी "सीटी, एमआरआय सगळं हाताला मिळेल" असं सांगितलं होतं. एमआरआय मी आजवर काचेपलीकडूनच पाहिलाय. पहिल्या वर्षाला मिळणार नाही हे पटतं, पण मग तसं सांगायचं होतं. त्याहून राग टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या बिल्ल्याचा. पोस्टिंग सुरू झालं आणि बॅज दोन महिन्यांनी आले. तोवर मॅडमनी एक्स-रे रूमच्या आत पाय ठेवू दिला नाही. त्यांचं बरोबरच होतं. आमचे मात्र दोन महिने रजिस्टर लिहिण्यात आणि ट्रॉली ढकलण्यात गेले.

बॅज शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. किरणांजवळ काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). माझ्या मैत्रिणीने बॅज एप्रनलाच अडकवून रूममध्ये रात्रभर ठेवला आणि सकाळी बोलणी खाल्ली. एप्रनही घडी घालून ठेवायचा नाही, आतलं शिसं तडकतं.

प्रवेश घ्यायच्या आधी दोनच गोष्टी विचारा: बॅज कोणत्या तारखेला मिळेल आणि पोस्टिंग कुठल्या मशीनवर. उत्तर लेखी मागा. मी मागितलं नव्हतं.

एक मात्र फुकट शिकायला मिळालं. अथणी, कागवाडकडचे पेशंट मिरजेला खूप येतात. "श्वास धरा" म्हटलं की काही जण नुसते बघत राहतात. आता "उसिरु हिडिरि" म्हणते, आणि फिल्म झाली की "बिडिरि". परवा एक काका श्वास सोडत हसले आणि कन्नडमध्ये लांबलचक काहीतरी बोलले. मी मान डोलावली, पुढचा नंबर पुकारला.